किटलीची परीक्षा

"आधी प्लग काढायचा, मगच पाणी भरायचं," असं स्वतःला बजावत खानविलकरांनी तांब्याने इलेक्ट्रिक किटलीत खुणेपर्यंत पाणी ओतलं. वय एक्क्याऐंशी. मागच्या महिन्यात ते गॅसवर दूध ठेवून शब्दकोडं सोडवायला बसले, पातेल्याचा कोळसा झाला आणि शेजाऱ्यांनी नाशिकला लेकीला, मृदुलाला, फोन केला. तिने गॅस काढून घेतला, किटली पाठवली आणि आज परीक्षा घ्यायला स्वतः आली. किटली जमली तर बाबा चिपळुणात राहणार, नाहीतर त्यांचं बिऱ्हाड नाशिकला जाणार.

मृदुलाने पाणी ओतून देऊन आत डोकावलं. तळ लख्ख होता.

"क्षार कसे नाहीत हो?"

"दर रविवारी लिंबाच्या पाण्याला उकळी आणतो. ओल्या हाताने प्लगला शिवत नाही. तुझ्या आईच्या राज्यात मी कपसुद्धा विसळला नव्हता, हे विसरू नकोस."

"बरं, बसा. चहा मी करते," असं म्हणत तिने सवयीने दूध, पाणी, साखर, चहापूड आणि आलं असं सगळंच किटलीत लोटलं, प्लग लावला आणि बटणाकडे हात नेला.

"थांब!" खानविलकरांनी झटक्यात प्लग काढला. "किटलीत फक्त पाणी! दूध उतू जाऊन खाली विजेत शिरलं म्हणजे?"

मृदुला ओशाळली, मग हसत सुटली. "पास झालात, बाबा."

"मी झालो गं, तुझं काय?" खानविलकर छाती काढून म्हणाले. "येतो चार दिवस नाशिकला, शिकवतो तुला. परतीचं तिकीट मात्र आधी काढ."