झाकून ठेवलेलं ताट

परग्रहावरच्या चिखलातला किडा सलोमीनं तिसऱ्यांदा तपासला. हुबेहूब चर्चच्या आवारातलं गांडूळ. जनुकं अक्षरन् अक्षर तीच! दोन जगांत हे आपोआप घडेलच कसं?

“घडवणारा हात एकच,” त्याच चर्चचे पाळक असलेले पप्पा म्हणायचे. उत्क्रांती शिकलेली ती त्यावरूनच भांडून, प्रार्थनेआधीच भरल्या ताटावरून उठली आणि दुसऱ्या दिवशी यानात बसली. यानातल्या तिच्या चाळीस वर्षांच्या झोपेत पप्पा गेले. त्यांचा निरोप तिच्याआधी इथं पोचला होता, पण ऐकायचा धीर होत नव्हता.

आज तिनं तो लावला.

“सलोमी, वाद राहू दे. ताट झाकून ठेवलंय. तू आलीस की प्रार्थना करू.”

तिनं जेवणाचं पाकीट फोडलं, हात जोडले आणि पप्पांनी सुरुवात करायची वाट पाहत बसली.