गिरानाची काच

"अण्णा, तुम्ही दारू पिता का?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शिवकन्यानं धडाक्यात विचारून टाकलं. अंबडला वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांचे डोळे लालभडक झाले होते, चेहराही भाजला होता.

त्यांच्या डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवता ठेवता आई हसली. "काल तुम्हा पोरींला सूर्याचं गिरान पाह्याला यांनी वेल्डिंगची काळी काच काढून दिल्ती ना? तेवढ्यात पेरणीच्या घाईत एकजण मोडकी तिफण घेऊन आला. मंग बिनकाचेचीच जोडून दिली."

"मला काच मागायची ना, अण्णा!"

"कशी मागू, माय? किती नाचून राह्यल्त्या तुम्ही!"

शिवकन्यानं खुंटीवरची दुकानाची किल्ली काढली आणि आईबापाला ठणकावून सांगितलं, "अण्णांचे डोळे बरे होईस्तोर दुकान बंद. किल्ली माझ्यापाशी!"