अर्धा तास पुढे

"हा अर्धा तास पुढे चाललाय," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, तेही स्वतःशीच. सकाळपासूनचं हे सातवं काम होतं आणि जेवणाचा डबा अजून बॅगेतच होता.

शेजारी कागद लावत बसलेल्या सिस्टरचा हात थांबला. "काय पुढे चाललंय?"

"याचं घड्याळ. वेळ जुळत नाही, म्हणून तर हा लॅबच्या नव्या सिस्टीमचे रिपोर्ट घेत नाहीये."

वॉर्डातल्या औषधांच्या नोंदी याच कॉम्प्युटरवर व्हायच्या. नोंद केली की वेळ आपोआप पडायची. कोपऱ्यातल्या त्या बारीक आकड्यांकडे कोणी ढुंकूनही बघत नसे.

सिस्टर उठून त्याच्या खुर्चीमागे आल्या. "दादा, कधीपासून ते कळतं का?"

"कळतं. बघतो."

"बारा तारखेला सहा नंबरच्या आजोबांना दोन वाजता इंजेक्शन होतं. मी दोनलाच दिलं. यात अडीच पडलेत. संध्याकाळी आजोबा गेले. उद्या चौकशी आहे. सतरा दिवस जो तो म्हणतोय, सिस्टरनं उशीर केला. आता मलाच वाटायला लागलंय, बसले असेन कुठेतरी टेकून. दमले होते हो त्या दिवशी."

त्यानं बदलांची यादी उघडली. बारा तारीख, सकाळी अकरा चाळीस. बदल करणारा: सर्व्हिस.

सर्व्हिस म्हणजे तोच. त्या दिवशी त्यानं सगळी सिस्टीम नव्यानं टाकली होती. फोन सारखा वाजत होता, पुढच्या ठिकाणी लोक खोळंबले होते. कुठल्या देशाची वेळ हवी, असं मशीननं विचारलं. लांबलचक यादीत क्लिक भारताच्या खाली, अर्धा तास पुढे असलेल्या देशावर पडली आणि न बघताच 'ओके' दाबून त्यानं बॅग उचलली.

घड्याळाचा आतला सेल आज सकाळी उतरला, एवढं कामाच्या कागदावर लिहिलं तरी भागणार होतं. वेळ नीट लावायची, सही घ्यायची, दहा मिनिटांत मोकळं. या यादीत डोकं घालणारं इथे दुसरं कोणी नव्हतं.

त्यानं चष्मा काढून डोळे चोळले.

"सापडलं?" सिस्टरनं विचारलं.

घड्याळाला हात लावण्याआधी त्यानं त्या यादीचा प्रिंट काढला. मग कामाच्या कागदावर 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'देश निवडताना चूक झाली.' थोडा वेळ तो त्या ओळीकडे बघत राहिला. मग ती खोडली आणि खाली लिहिलं, 'बारा तारखेला मी चुकीचा देश निवडला. तेव्हापासूनच्या सगळ्या वेळा अर्धा तास पुढे पडल्या आहेत.' खाली नाव, सही.

सिस्टरनं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"तुम्ही?"

"हो."

त्या काहीतरी बोलतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. ओरडल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं.

"सतरा दिवस," एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि खिडकीकडे तोंड करून मुलीला लावला. "अगं, मीच बोलतेय... नाही, घरी यायला वेळ आहे अजून... नाही गं, रडत नाहीये. आधी ऐक तरी. मी दोनलाच दिलं होतं."