गैरसोय

“मी सही करणार नाही,” म्हणत सासऱ्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन शेजारी बसलेल्या सुनेपुढे ठेवलं.

विमान रखडलेल्या प्रवाशांना भरपाई मिळवून देणारी ती कंपनी. नाव भारदस्त, कारभार मात्र दीड खोलीतला. दावे बघणाऱ्या बाईंनी सगळं तयार ठेवलं होतं: तिकिटाची प्रत, बोर्डिंग पास, नऊ तास उशीर झाल्याचा दाखला. दावा लावायची मुदत आजच संपत होती. तिकीट दोघांचं एकत्र, म्हणून सह्याही दोघांच्या हव्या होत्या. सुनेनं तर मिळणारे पैसे मनातल्या मनात खर्चूनही टाकले होते.

सासरे म्हणजे चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी चुका बघणार, मग नवरानवरीची नावं. आल्या आल्या त्यांनी अर्जातल्या ‘उशिर’ची वेलांटी दुसरी केली. बाईंनी ती निमूट करू दिली. पण पुढच्याच वाक्यावर घोडं अडलं. वाक्य असं होतं: ‘या उशिरामुळे माझी अतोनात गैरसोय झाली.’

बाईंनी परोपरीनं समजावलं. हे छापील वाक्य आहे, सगळेच सही करतात, कोणी वाचतसुद्धा नाही. झालं, सासरे आणखीच बिथरले. कोणी वाचत नाही तेच तर त्यांनी जन्मभर वाचलं होतं.

सून मान खाली घालून बसली. त्या दिवसाचा विषयच काढायला नको होता, असं तिला झालं. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी दोघांचं बोलणं ‘चहा ठेवू का’ आणि ‘ताट वाढलंय’ यापलीकडे गेलं नव्हतं. त्या दिवशी विमानतळावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. विमानाचा पुकारा झाला तशी दचकून जागी झाली, तर डोकं चक्क सासऱ्यांच्या खांद्यावर! मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. सासरे त्यावर एक शब्द बोलले नाहीत, तेव्हा नक्की त्यांना ते खटकलं, असं तिनं धरूनच ठेवलं. दोन महिने ती त्यांच्यासमोर यायचंही टाळत होती.

शेवटी बाईंचा धीर सुटला. “काका, नऊ तास त्या लोखंडी बाकावर बसलात. याला गैरसोय नाही तर काय म्हणायचं?”

“पाय आखडले, ते लिहा. चहा पुचाट होता, तेही खुशाल लिहा,” सासरे म्हणाले. मग सुनेकडे न बघता बोलले, “मला दोन्ही मुलगेच. लेक नाही. त्या दिवशी ही दोन तास माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. हाताला मुंग्या आल्या, पण ही जागी होईल म्हणून मी हललो नाही. आता याला अतोनात गैरसोय म्हणून सही कशी करू?”

सुनेचे डोळे भरून आले. इतकं हलकं तिला या घरात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी अर्ज पुन्हा सासऱ्यांपुढे ठेवला. कायदा फक्त तास मोजतो, म्हणाल्या, ते वाक्य खोडलं तरी दाव्याचं काही बिघडत नाही. मग काय, सासऱ्यांनी वाक्यावर सरळ रेघ मारली, समासात काढून टाकल्याची खूण केली आणि झोकात सही ठोकली.

बाईंनी दुसरा अर्ज सुनेपुढे सरकवला. “तुमचंही हे वाक्य खोडायचं ना?”

“नको, राहू द्या,” ती डोळे पुसत म्हणाली. “माझी झाली ना गैरसोय. विमान आलं, आणि मला उठावं लागलं.”