बोबड्या दोघी

नव्या सुनेने खोलीत गुपचूप वाटीतल्या गार पाण्यात दातांचा रिटेनर धुवायला घेतला. सासरी कुणी हसेल म्हणून लग्नापासून तिने तो लावलाच नव्हता आणि तारांनी सरळ केलेले दात पुन्हा जुन्या जागी, जणू माहेरी निघाले होते.

तेवढ्यात सासूबाई आल्या. “अगंबाई, एवढ्या कोवळ्या वयात कवळी?”

“कवळी नाही हो, आई! हा रिटेनर, दात जागेवर राहावेत म्हणून लावायचा असतो. पण लावला की मी बोबडं बोलते.” तिचे डोळे भरून आले.

सासूबाईंनी दार लोटलं आणि पदराआड स्वतःची कवळी काढली.

“तुझ्या शाशऱ्यांनाशुद्धा अजून ठाऊक नाही. शांगू नकोश हं!”

सुनेने हसत रिटेनर दातांवर बसवला.

“नाही शांगणार, आई!”