कडक भाकरी

धाराशिवच्या दुकानात गंगम्मांनी पिशवीतून घरची कडक भाकरी काढली आणि दुकानदारापुढं धरली. "आधी ही गरम करून दावा."

दुकानदारानं भाकरी ओल्या फडक्यात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. अर्ध्या मिनिटानं ती बाहेर आली, तेव्हा तिची रुमालासारखी घडी होत होती.

"आत्याबाई, हे नको," सून शिवरंजनी हळूच म्हणाली. "मामांना कडकच लागते."

हे गंगम्मांना सांगायची गरज नव्हती. पन्नास वर्षं त्यांनीच चुलीच्या कडेला भाकरी उभी करून शेकली होती. यजमानांनी, शंभुलिंगअप्पांनी, ती कटकन मोडली, की आवाज अंगणापर्यंत जायचा. सहा महिन्यांपूर्वी अप्पांच्या उरल्यासुरल्या दाढा गेल्या, तसा तो आवाजही गेला. मऊ भाकरी वाढली, की "मी म्हातारा झालो व्हय?" म्हणून ते ताट सरकवायचे. कडक वाढली, की गुपचूप म्हशीला घालायचे आणि भूक न्हाय म्हणायचे.

"हेच बांधून द्या," गंगम्मा म्हणाल्या.

दुपारी अप्पांनी पहिला घास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तुझ्या त्या पेटीनं भाकरीचा पार सत्यानाश केला की गं!"

"आता म्या काय करू? पेटीच तसली हाय," गंगम्मा म्हणाल्या, आणि अप्पांनी पुढं केलेल्या ताटात त्यांनी दुसरी भाकरी वाढली.