शिरूरपासूनचा आवाज

शिरूर सोडलं आणि इंजिनातून बारीक टकटक सुरू झाली. मागच्या सीटवर बसलेल्या सवितानं ती लगेच ओळखली. ऑइल कमी झालं की असंच वाजतं. घरचा पिकअप तीच चालवायची, कांदा भरून तळेगावच्या बाजाराला न्यायची. एकदा तिनं असाच आवाज अंगावर काढला होता, तर इंजिन जाम झालं होतं.

सांगायला ती पुढं वाकली. तेवढ्यात तिच्या सासूबाई, साळूबाई, म्हणाल्या, "काय झ्याक चालवती गं अनुपमा! पोटातलं पाणी हलत न्हाई."

अनुपमा धाकटी जाऊ. कार जुनीच घेतलेली, पण घरातली पहिली. साळूबाई गावात, कवठ्यात, दारोदार सांगत सुटल्या होत्या, आमची सून गाडी चालवती. पिकअप चालवणारी सून त्यांना कधी कुणाला सांगावीशी वाटली नव्हती.

सविता पुन्हा मागं टेकली.

न्हावऱ्याच्या अलीकडं अनुपमानं कान दिला. "ताई, कसला आवाज येतोय का हो?"

"मला न्हाई बाई येत," सविता म्हणाली.

आवाज आता जाड झाला होता. वाजू दे, सविताला वाटलं. भर रस्त्यात बंद पडू दे. बारशाला खुटबावला एसटीनं जाऊ देत दोघी.

न्हावरं मागं पडलं आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांजवळ लाल दिवा लागला. अनुपमानं दिव्याकडं बोट केलं. "ताई, हे काय लागलं?"

"बाजूला घे! इंजिन बंद कर आधी!" सविता ओरडली. ओरडल्यावरच तिला कळलं, आपण ओरडलो.

तिनं बॉनेट उघडलं, ऑइल बघायची पट्टी उपसली. टोकाला नुसता काळा डाग होता. मोटरसायकलवाल्याला हात करून ती न्हावऱ्यातून ऑइलचा डबा घेऊन आली, ओतलं, गाडी चालू केली. थोडा वेळ खडखड झाली, मग इंजिन शांत फिरू लागलं.

अनुपमा रडत होती. "मला तर कायच कळलं न्हाई. तुम्हाला आवाज आला असता, तर तुम्ही आधीच सांगितलं असतं."

साळूबाई लेकीशी फोनवर मोठ्यानं बोलत होत्या. "अगं प्रतिभा, आमच्या सवितानं वाचवलं बघ आज! लई हुशार हाय माझी सून!"

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं. सविता ऑइलनं माखलेले हात पदराला पुसत राहिली.

"आत्या, फोन ठेवा," ती सासूबाईंना म्हणाली. "मला शिरूरपासून ऐकू येत हुतं."

साळूबाईंच्या कानाशी प्रतिभा हॅलो हॅलो करत राहिली. अनुपमानं डोळे पुसले. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून ती बाजूला झाली.

"चालवा तुम्ही," ती म्हणाली. "मी मागं बसून ऐकते."